काथ्याची जागा

"हात चालू ठेव गं, डोळे आपोआप सुकतात."

वडिलांचा हा आवाज कानात उमटला तेव्हा तिचा उजवा पाय हवेत होता. दोन्ही हातांत कोचाचं हिरवं कापड, गळ्यात मोजायची फीत, आणि कापायच्या टेबलाला वळसा घालताना पाय आपला आपण उचलला गेला, नेहमीपेक्षा लांब पडला आणि पलीकडे टेकला. खाली काहीच नव्हतं. झाडून लख्ख केलेली फरशी होती, तिच्यावर खिडकीतून पडलेला उन्हाचा चौकोन होता, आणि तो चौकोन आज कुणी अंगावर घेतलेला नव्हता. ज्यांचा कोच होता त्या बँकेतल्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी झटकन चपला मागे घेतल्या. "काय आहे हो तिथे?" "खिळा दिसला," ती म्हणाली, आणि कापड टेबलावर टाकून तिने त्यावरून तळहात असा फिरवला की एकाही सुरकुतीची पुन्हा डोकं वर काढायची हिंमत होऊ नये. बाईंना पाठीवर बटणं हवी होती. "बटणं नका लावू. दिसतात छान, पण बटणात धूळ बसते आणि माणूस बसत नाही," तिने सांगितलं. बाई हसल्या, पटलं म्हणाल्या आणि गेल्या. आपल्या कामात तिचा शब्द सहसा कुणी खाली पडू देत नसे. पाय मात्र घोट्यापाशी अजून हुळहुळत होता. लहान मूल झोपलंय म्हणून आपण चवड्यांवर चालावं, आणि मग लक्षात यावं की ते मूल केव्हाच मोठं होऊन परगावी गेलंय, तसं काहीतरी.

वडील बोलले होते ते याच टेबलापाशी. तेव्हा ती टेबलाच्या कडेला हनुवटी टेकेल एवढी होती. एक काणी मांजर होती, काथ्याच्या ढिगात झोपायची, आणि एका सकाळी ती त्या ढिगातून उठलीच नाही. वडिलांनी तिला उचलून नेलं, परत आले, हात धुतले, आणि हुंदके देणाऱ्या पोरीच्या मांडीवर काथ्याचा एक घट्ट गोळा टाकला. पिंज म्हणाले. मोकळा कर. हात चालू ठेव. ती पिंजत बसली. बोटांना रखरख लागली, नाकात तो कोरडा, उन्हात भाजलेल्या सालींचा वास गेला, गोळ्याचा ढग झाला, ढगाचा डोंगर झाला, आणि दिवेलागणीला तिने गाल चाचपला तर तो खरंच सुकलेला होता. बाप खोटं बोलला नव्हता. अडचण तीच तर होती. तो खोटं बोलला असता तर तिने कधीतरी त्याचं ऐकणं सोडलं असतं. पुढे त्याची हातोडी तिच्याकडे आली, वाकडी सुई आली, गिऱ्हाइकं आली, आणि काम करताना तो जे गुणगुणायचा तेही आलं:

उसवल्या जागी बाई, टाका घालावा दुहेरी
गाठ अस्तराच्या पोटी, फूल दिसावं बाहेरी

तो गेला त्या दिवशीही तिने एका आरामखुर्चीची पाठ पुरी केली होती. लोक म्हणाले, काय धीराची पोर. ती खुर्ची अजून कुणाच्या तरी घरात शाबूत आहे, हे ती पैजेवर सांगेल.

आणि काथ्या. तो तर तिच्या हातूनच जन्माला आला, असं म्हटलं तरी चालेल. बंद पडलेल्या एका लॉजमधून एक जुना सोफा दुरुस्तीला आला होता. कुबट, फुगलेला, पोटात स्प्रिंगा निसटलेल्या. तो उलटा करून तिने खालचं तरट फाडलं, आणि काथ्यासोबत एक ओलसर, उबदार गोळा तिच्या मांडीवर पडला. त्या गोळ्याने जांभई दिली. लेक तेव्हा दोन वेण्यांची होती, ती दप्तरासकट दारात उभी होती, आणि किंचाळली, "आई, सोफ्याला पिल्लू झालं!" शेजारच्या गाळ्यात लाकडाला पॉलिश करणारा भला माणूस हातातल्या बोळ्यासकट धावत आला. तो म्हणाला, "वहिनी, आता तुमचं काही खरं नाही. उद्या कपाट आणाल, त्याला वासरू होईल." कुत्र्याचं पिल्लू होतं ते. अंगाचा रंग काथ्याचा, केसांची रखरख काथ्याची, वासही पहिले काही आठवडे काथ्याचाच. नाव ठेवायला कुणाला डोकं चालवावं लागलं नाही.

तो टेबलाखाली राहायला गेला आणि तिथलाच झाला. थोडा टेबलाखाली, थोडा बाहेर, वाटेत. हालायचा नाही. "अरे ए संस्थानिक, सरक," पॉलिशवाला म्हणायचा, आणि संस्थानिक एक भुवई वर करून त्याच्याकडे पाहायचे. शेवटी हालायचं कुणी ते ठरून गेलं. माणसं पाय उचलायला शिकली. गिऱ्हाइकं शिकली, कापडाचे तागे आणणारे हमाल शिकले, आणि ती तर अशी शिकली की अंधारात, डोक्यावर गादी घेऊनसुद्धा, तिचा पाय त्याच्या पाठीवरून बिनचूक पलीकडे जायचा. तिच्या हातोडीच्या ठोक्यांमध्ये त्याचं घोरणं बसलेलं असायचं. ठक, घुर्र, ठक, घुर्र. एखाद्या दिवशी तो उन्हात जाऊन झोपला तर ठोके उघडे पडल्यासारखे वाटायचे.

लेकीचं त्याच्यापाशी न्यायालय भरायचं. शाळेतून आली की टेबलाखाली सरपटत जायची आणि त्याच्या कानात कुजबुजायची. कोण बोलत नाही, कोणाला कमी मार्क पडले, कोणत्या बाई अन्याय करतात. त्या वेळी तिथे कुणी थांबायचं नाही, हा घरातला कायदाच होता. "कोर्ट बसलंय," नवरा म्हणायचा, आणि बायकोला कोपराने ढोसत मागच्या खोलीत न्यायचा. ती जायची. पातेली मोठ्याने आपटायची, म्हणजे पोरीला कळावं की आई ऐकत नाही. पुढे लेक मोठ्या शहरात नोकरीला गेली, इमारतींचे नकाशे काढण्याच्या कचेरीत, तरी कायदा तोच राहिला. संध्याकाळी फोन यायचा. आधी आईशी दोन वाक्यं, बाबांशी चार, आणि मग, "काथ्याला दे." फोन त्याच्या तोंडाशी फरशीवर ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि निघून जायचं. पातेली आपटायची.

तो गेला तेव्हा तिच्या तोंडात खिळे होते. या धंद्यात बारीक खिळे गालात धरावे लागतात. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्या हाताने ओठांतून एकेक खिळा घ्यायचा आणि ठोकायचा. "तोंडात खिळे असले की माणूस खोटं बोलत नाही," वडील म्हणायचे, मग गालात हसून, "खरंही बोलत नाही म्हणा." ती एका खुर्चीची बैठक ठोकत होती. ठक, घुर्र, ठक, घुर्र, ठक. आणि पुढचा घुर्र आलाच नाही. तिने हातोडी धरून वाट पाहिली. कापड तिच्या डाव्या मुठीत ताणलेलं होतं, भरदुपार होती, आणि बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्याला हाक मारावी तर तोंड भरलेलं. खाली न बघताच तिला कळलं, जसं पावलांच्या आवाजावरून घरचं माणूस कळतं तसं घरचं माणूस निघून गेल्याचंही कळतं. तिने ती ओळ पुरी केली. कापड सोडलं असतं तर सरकलं असतं. मग खाली बसली, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि रखरख तीच, ऊबही अजून तीच, म्हणून तो हात तसाच बराच वेळ ठेवून दिला.

रडला तो नवरा. त्याचे डोळे मुळातच गळके. परक्याच्या लग्नात मुलीच्या पाठवणीला हा रडतो, बातम्यांत पूल पडला तर हा रडतो. मागच्या अंगणात खड्डा खणताना त्याने इतका हंबरडा फोडला की पॉलिशवाल्याने फावडं त्याच्या हातातून काढून घेतलं. आठवडाभर शेजारपाजारचे येत राहिले, आणि येणारा प्रत्येक जण नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून बसत होता. ती चहा करत होती. "वहिनी खंबीर आहेत," पॉलिशवाला कौतुकाने म्हणाला. "मी तर म्हणतो, भाऊ, तुम्ही वहिनींकडे बघून शिका." नवऱ्याने नाक पुसलं आणि शांतपणे म्हणाला, "मी तिच्याकडेच बघतोय." तिने कपबशा जरा जोरात गोळा केल्या.

लेकीला सांगायला हवं होतं, ते काथ्या गेला त्याच संध्याकाळी. फोन आला तेव्हा सांगायचं तिने ठरवलंही होतं. पण लेकीचा आवाज कसातरी बारीक होता, तापातून उठल्यासारखा, आणि दोन वाक्यं झाल्यावर ती म्हणाली, "काथ्याला दे." नवऱ्याने मान हलवून खुणावलं: सांग. तिने फोन घेतला, टेबलापाशी गेली, आणि सवयीने तो फरशीवर ठेवला. रिकाम्या जागेपाशी. ठेवल्यावर तिला वाटलं, उचलावा. तेवढ्यात जमिनीतून यावा तसा आवाज आला, "काथ्या, ऐक ना रे." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती निघून गेली नाही. पातेली वाजली नाहीत.

लेक कामावर जात नव्हती. ते काम तिने सोडलं होतं. सकाळी डबा घेऊन निघायची, एका बागेत जाऊन बसायची, डबा खायची, आणि संध्याकाळी खोलीवर परतायची. कुणी हाकललं नव्हतं, कुणी छळलं नव्हतं. एके दिवशी नकाशावर रेघ मारताना तिला वाटलं की ही रेघ आपली नाही, आणि मग कुठलीच रेघ मारवेना. "आईला सांगू नकोस हं," आवाज म्हणाला. "ती रागावणार नाही रे. रागावली तर बरं. ती म्हणेल, ठीक आहे, दुसरं बघ, हात चालू ठेव. आणि हातोडी मारायला लागेल. मला ते नकोय आत्ता. मला ना, नुसतं कुणीतरी शेजारी पडून राहायला हवंय."

ती उभी होती तिथेच तिला वाटलं, कुणीतरी आपल्याला उलटं करून आपलं खालचं तरट फाडलंय. तिने आयुष्यभर लोकांना बसायला शिकवलं होतं. कुठल्या पाठीला कुठे टेकू लागतो ते ती माणूस दारातून आत येताना सांगायची. आणि तिच्या स्वतःच्या पोरीला टेकायला सापडला होता एक कुत्रा. बरं, सापडला तर सापडला. पण तो कुत्रा आज दुपारीच अंगणात पुरला होता. आता हे सांगायचं म्हणजे पोरीच्या पाठीमागचा तोही टेकू काढून घ्यायचा. न सांगावं तर रोज चोरून ऐकायचं. तिने फोन उचलला आणि म्हणाली, "झोपला गं तो." "बरं," लेक म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "बरं."

त्यानंतर हे रोजचंच झालं. फोन फरशीवर, आणि ती शेजारी, श्वास धरून. नवरा मागच्या खोलीत जाऊन पातेलं वाजवायचा. "किती दिवस?" त्याने विचारलं. "तिला जरा उभी राहू दे," ती म्हणाली. "तिला की तुला?" नवऱ्याने विचारलं, आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो लगेच चहा टाकायला गेला. लेकीला संशय येऊ नये म्हणून तिने एक युक्ती काढली होती. काथ्याचा पट्टा टेबलाच्या पायाला ठोकलेल्या खुंटीला टांगलेला होता, त्याला पितळी कडी होती. लेक बोलता बोलता थांबली की ती पट्टा हलवायची. छुनछुन. म्हणजे तिकडे वाटावं, आहे. हलतोय. ऐकतोय. या कारागिरीचा तिला थोडा अभिमानही वाटला होता. वस्तू आत कशीही असो, वरून अस्सल दिसली पाहिजे. याच गोष्टीवर तर तिचं घर चाललं होतं.

पण पाय रोजच उचलला जायचा, आज तो तिच्या ध्यानात आला. हिरवं कापड कापून झालं, बैठकीला ताणून झालं, तरी तो उचललेला पाय तिच्या मनातून खाली येईना. हात चालू होते, चोख चालू होते, डोळे कोरडे होते, सगळं वडिलांच्या शब्दाप्रमाणे होतं. आणि पाय मात्र कुणाच्याही शब्दात नव्हता. डोळ्यांना शिकवलं, हातांना शिकवलं, पायाला कुणी शिकवलं नाही, तिच्या मनात आलं. तो बिचारा अजून घरी यायचा आहे, त्याला अजून कुणी सांगितलेलंच नाही.

संध्याकाळी फोन आला तेव्हा ती शेवटची बाजू ठोकत होती. तोंडात खिळे तसेच. "हं," ती म्हणाली. लेकीला हे "हं" लहानपणापासून कळायचं. "काम चालू ठेव, काथ्याला दे," लेक म्हणाली. आईने हातोडी ठेवली. फोन फरशीवर ठेवला. आणि मग, का ते तिलाही सांगता आलं नसतं, तीही खाली बसली, हात टेकून कलली, आणि त्या जागेवर कुशीवर आडवी झाली. थोडी टेबलाखाली, थोडी बाहेर, वाटेत. फरशी गार होती, पण एका पट्ट्यात, जिथे दिवसभर ऊन पडलं होतं, तिथे ती कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी कोमट होती. इतक्या वर्षांत तिने आपलं टेबल खालून कधी पाहिलं नव्हतं. वर गुळगुळीत, झिजून चकाकणारं. खाली वाळलेल्या सरसाचे ओघळ, खिळ्यांची वाकलेली टोकं, आणि आडव्या फळीला अडकलेले काथ्याच्या रंगाचे केस. अस्तराच्या पोटी. तिची खुर्ची समोर होती, आणि खुर्चीखाली तिच्या चपला. म्हणजे तो दिवसभर हे बघायचा. माझे पाय.

"काथ्या," फोन म्हणाला. "आज बागेत गेलेच नाही. खोलीवरच पडून होते. भिंतीकडे तोंड करून."

मग लेक थांबली. तिचं थांबणं लांबलं. आईचा हात सवयीने खुंटीकडे गेला, पट्टा ओढला गेला. छुनछुन.

"आई," लेक म्हणाली.

तिने पट्टा मुठीत दाबून धरला.

"आई, तो फोनवर असताना कधीच हलायचा नाही गं. कधीच. मी हाक मारली की एकदा शेपूट आपटायचा जमिनीवर, धप्प करून, आणि मग नुसता श्वास. फोनवर तोंड ठेवायचा बहुतेक, कारण मला सगळं ओलं ओलं ऐकू यायचं." ती हसली, ओलसरच. "तुला कसं माहीत असणार म्हणा. तू पातेली आपटत असायचीस."

खिळे जिभेखाली सरकले. त्यांची लोखंडी चव तोंडभर झाली. तिने एकेक खिळा ओठांवर आणला, तळहातावर घेतला आणि फरशीवर ठेवला. फोनमध्ये ती टिकटिक ऐकू जात असणार.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी शंका आली. शेपूट वाजलीच नाही. म्हटलं झोपला असेल. मग दुसऱ्या दिवशी ती छुनछुन सुरू झाली. त्या दिवशी रडले मी खूप."

"आणि तरी रोज बोलत होतीस?"

"हो."

"ते कामाचं... बागेचं..."

"तुलाच सांगत होते," लेक म्हणाली. "समोरासमोर जमलं नसतं. तू लगेच काहीतरी दुरुस्त करायला घेतलं असतंस. या वेळी तू नुसती ऐकत होतीस. रोज. मला कळायचं, तुझा श्वास येतो तसा, नाकातून. वाटायचं, आज सांगेल. आज म्हणेल काथ्या गेला. मग वाटायचं, नको म्हणू दे, म्हटलं की तू उठून जाशील."

मागच्या खोलीत नवऱ्याने इमानेइतबारे पातेलं आपटलं. दोघीही हसल्या. वडिलांचा आवाज आला, अगदी जवळून, प्रेमळ, खरा: हात चालू ठेव गं. तिने हाताकडे पाहिलं. तो पट्ट्यावर होता. तिने पट्टा सोडला, हात उघडा करून फरशीवर ठेवला, आणि तसाच राहू दिला.

"आई? उठलीस का गं?"

"नाही," ती म्हणाली. "त्याच्या जागेवर पडलेय मी. इथेच. तू खोलीवर पडलीस ना भिंतीकडे तोंड करून, तशीच."

तिकडून नुसता श्वास आला. इकडे उन्हाचा चौकोन कधीच गेला होता. तिचा गाल फरशीला टेकलेला होता, आणि फरशी ओली झाली होती, आणि हात चालू नव्हते.

"मी अजून पाय उचलते गं," ती म्हणाली. "रोज. इथून जाताना. तो आहेच असं धरून."